खिशातली बॅटरी घेताना: खोक्यावरचे लुमेन आणि पायापुढचा उजेड

नानांनी ऑनलाइन बॅटरी मागवली. खोक्यावर तीन आकडे ठळक छापलेले: १,००,००० लुमेन, ५ किलोमीटर रेंज, ९९०० एमएएच. किंमत ३४९ रुपये. नाना म्हणजे माझे चुलते. त्यांचा ऊस आहे, आणि मोटारीला लाईट आठवड्यातले काही दिवस रात्रीचीच असते. त्यामुळे बारा-एकला उठून पाण्याला जाणं ठरलेलं. दोन रात्री बॅटरी वापरून त्यांनी फोन केला.

"अरं, उजेड पार डीपीपातूर जातोय, पण पायापुढचं काय दिसंना. आन् तासाभरात मान टाकतीया."

डीपी म्हणजे रानातला विजेचा ट्रान्सफॉर्मर. बॅटरी विकत घेताना जे कळायला हवं, ते बहुतेक सगळं नानांच्या या दोन वाक्यांत आलं. फक्त ते जरा उलगडून सांगावं लागेल.

एक आधीच सांगतो. आमच्याकडे टॉर्चला बॅटरी म्हणतात आणि तिच्या पोटात जे घालतात त्याला सेल. इथेही तसंच म्हणणार आहे. 'विजेरी' हा शब्द पुस्तकात छान दिसतो, पण तो मी आजवर एकाही दुकानदाराच्या तोंडून ऐकलेला नाही.

## लुमेन म्हणजे किती उजेड?

लुमेन हे एकूण उजेडाचं माप आहे. दिव्यातून सगळ्या दिशांना मिळून जेवढा उजेड बाहेर पडतो तेवढे त्याचे लुमेन. एक मेणबत्ती साधारण १२ लुमेन देते. घरातला ९ वॅटचा एलईडी बल्ब ९०० च्या आसपास देतो. त्याच्या खोक्यावर तसं छापलेलंही असतं. आणि आपल्या आज्याची ती दोन मोठ्या सेलची, पिवळ्या बल्बची पत्र्याची बॅटरी? तिच्यातून जेमतेम दहा लुमेन निघायचे. मेणबत्तीपेक्षाही थोडे कमीच. तेवढ्यावर माणसं जत्रेहून तीन कोस चालत घरी यायची.

मग मेणबत्ती घेऊन रानात जाता येत नाही आणि ती बॅटरी घेऊन जाता यायचं, हे कसं? बागेला पाणी घालायची नळी डोळ्यांसमोर आणा. नळीतून मिनिटाला जेवढं पाणी येतं ते लुमेन. आता तोंडावर अंगठा दाबा. पाणी तेवढंच आहे, पण धार पार कुंपणापर्यंत जाते. बॅटरीतल्या चकचकीत वाटीचं काम या अंगठ्याचं. एका दिशेला उजेडाची धार किती जोरकस आहे, याचं माप म्हणजे कँडेला.

नानांच्या बॅटरीत अंगठा फार घट्ट दाबलेला आहे. सगळा उजेड मधल्या एका गोळ्यात कोंबलाय. तो गोळा डीपीपर्यंत जातो, पण भोवती काही उरत नाही. बांधावरून चालणाऱ्या माणसाला हवा असतो तो भोवतीचाच उजेड, पायापासून दहा-पंधरा पावलांचा. डोळे त्या प्रखर गोळ्याला सरावले की कडेचा काळोख आणखी काळा वाटतो, म्हणून "पायापुढचं दिसंना".

## रेंज: चांदण्याचा हिशोब

खोक्यावरच्या मीटरमध्येही एक गंमत आहे. बॅटऱ्यांची मापं कशी घ्यायची याचं एक अमेरिकी मानक २००९ साली ठरलं. नाव एएनएसआय एफएल-१, आणि चांगल्या कंपन्या जगभर तेच वापरतात. त्यात रेंजची व्याख्या अशी: ज्या अंतरावर उजेड पाव लक्स उरतो ते अंतर. एक लुमेन उजेड एक चौरस मीटरवर पसरला की एक लक्स. पाव लक्स म्हणजे साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका उजेड.

म्हणजे प्रामाणिक कंपनीने '१०० मीटर' लिहिलं तरी अर्थ एवढाच की तिथे चांदणं पडल्यासारखं दिसेल. कुणीतरी उभं आहे हे कळेल. कोण ते कळणार नाही. नीट ओळखण्यासाठी मी छापील आकड्याचा तिसरा हिस्सा धरतो.

शिवाय उजेड अंतराच्या वर्गाच्या हिशोबाने विरळ होतो. दुप्पट लांब दिसायचं तर धार चौपट जोरकस हवी. १०० मीटरला २,५०० कँडेला लागतात. ५ किलोमीटरला किती? साडेबासष्ट लाख. खिशातल्या साध्या बॅटऱ्यांचे कँडेला हजारांत मोजतात. तेव्हा खोक्यावर किलोमीटर दिसले की पुढचं वाचायचे कष्ट घेऊ नका.

## लाख लुमेन आणि इस्त्री

आजचा बरा एलईडी एका वॅटमागे शंभर लुमेन देतो. उत्तम असेल तर दीडशेही. शंभर धरू, हिशोब सोपा. लाख लुमेन हवेत तर वीज लागेल १००० वॅट.

१००० वॅट म्हणजे घरातली इस्त्री. बॅटरीत खरोखर तेवढी वीज खेळली असती तर नानांना तिच्यावरून धोतराला कडक घडी पाडता आली असती, कारण एलईडीतही निम्म्याहून जास्त विजेची उष्णताच होते. आणि आतल्या सेलमध्ये फार तर दहा-बारा वॅट-तास वीज मावते (एक वॅटचा दिवा तासभर चालवते ती वीज एक वॅट-तास). १००० वॅटने ती चाळीसेक सेकंदांत संपली असती.

तिसरा आकडा ९९०० एमएएच. हे सेलच्या टाकीचं माप. या बॅटऱ्यांत जो जाडजूड सेल असतो त्याला '१८६५०' म्हणतात. नाव म्हणजे मापच आहे: १८ मिलीमीटर जाड, ६५ मिलीमीटर लांब, शेवटचं शून्य गोल आकारासाठी. एवढ्या नळकांड्यात नामांकित कारखाने साधारण ३५०० एमएएचपर्यंत क्षमता बसवतात. ९९०० म्हणजे दहा लिटरच्या कळशीवर तीस लिटर लिहिण्यासारखं.

हे तपासायला यंत्र लागत नाही. मी गावी गेलो तेव्हा सेल काढून कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात नेला आणि काट्यावर ठेवायला सांगितला. दुकानदाराने आधी माझ्याकडे पाहिलं, मग जिऱ्याची पुडी उचलून जागा केली. काटा २८ ग्रॅमवर थांबला. चांगला १८६५० सेल ४५ ते ४८ ग्रॅम भरतो. उरलेले वीसेक ग्रॅम कुठे गेले हे सेल फोडून बघायचा मोह होतो. फोडू नका, लिथियमचा सेल फोडला की पेट घेऊ शकतो.

लुमेन मात्र मी दुसऱ्या रीतीने पाहिले. न्हाणीघरात अंधार करून बॅटरी छताकडे तोंड करून उभी केली, मग ती बंद करून तिथला ९ वॅटचा बल्ब लावला. छतावरून परतणारा उजेड खोलीभर सारखा पसरतो, त्यामुळे डोळ्यांनीही अदमास येतो. लाख लुमेनची बॅटरी ९०० लुमेनच्या बल्बापुढे फिकी पडली. तीनशेच्या घरात असेल, फार तर. तीनशे लुमेन काही वाईट नाहीत! तीनशेच लिहिले असते तर मी तक्रार केली नसती.

## जास्त उजेड असला तर बिघडलं कुठे?

हा प्रश्न नेहमी येतो, आणि तो रास्त आहे. बॅटरी खरोखर हजार लुमेनची असेल तर घ्यायला काय हरकत?

पहिली गोष्ट म्हणजे आपले डोळे असे आकडे सरळ मोजत नाहीत. उजेड दुप्पट झाल्यासारखा वाटायला लुमेन साधारण चौपट करावे लागतात. शंभर आणि दोनशेतला फरक शेजारी शेजारी धरल्याशिवाय सहज लक्षातही येत नाही. दुसरं, काळोखाला डोळे पुरते सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात, आणि जवळच्या पांढऱ्या भिंतीवर हजार लुमेन मारले की ती कमाई एका क्षणात जाते. मध्यरात्री पाणी प्यायला उठलात तर तीन-चार लुमेन पुरतात. कुलपाचं भोक शोधायलाही तेवढेच. अंगणात वीस-तीस, पायवाटेला पन्नास ते शंभर, आणि रान किंवा गड असेल तर दीडशे ते तीनशे. हे माझे आकडे आहेत, वापरून ठरवलेले.

तिसरी गोष्ट उष्णता. बोटाएवढी बॅटरी हजार लुमेनवर मिनिट-दोन मिनिटांत तापते, आणि आतलं सर्किट शहाणं असेल तर स्वतःहून उजेड खाली आणतं. खोक्यावर हजार असतं, पण तिसऱ्या मिनिटाला हातात तीनशे उरतात. हाताच्या मुठीत मावणारी १८६५० सेलची बॅटरी साधारण दोनशे ते चारशे लुमेन सलग देऊ शकते, एका पेन्सिल सेलची त्याहून बरीच कमी. अमेरिकेत बॅटरीला 'फ्लॅशलाइट' म्हणतात. १८९९ साली डेव्हिड मायसेल यांना तिथे नळकांड्याच्या आकाराच्या बॅटरीचं पेटंट मिळालं. त्या काळचे सेल इतके दुबळे होते की दिवा सलग लावताच येत नसे, नुसता लुकलुकवून घ्यायचा, म्हणून 'फ्लॅश'. आजचा टर्बो मोड, म्हणजे थोडा वेळच टिकणारा सगळ्यात प्रखर उजेड, जवळपास तेच करतो.

## "चाळीस तास चालते" म्हणजे काय?

वर सांगितलेल्या मानकातच चालण्याच्या वेळेचीही व्याख्या आहे: सुरुवातीच्या उजेडाचा दहावा हिस्सा उरेपर्यंतचा वेळ. म्हणजे दोनशेवर सुरू झालेली बॅटरी वीस लुमेनवर मिणमिणत असली तरी कागदावर ती 'चालू'च असते.

इथे दोन जाती पडतात. साध्या बॅटरीचा उजेड टाकी रिकामी होईल तसा उतरत जातो, घरच्या नळाची धार बारीक होत जाते तसा. दुसऱ्या जातीत एक छोटं सर्किट असतं, ते सेल उतरत असतानाही उजेड जवळपास सारखा ठेवतं आणि शेवटी एकदम खाली आणतं. मला दुसरी आवडते, पण म्हाताऱ्या माणसाला पहिली बरी पडते. ती अचानक दगा देत नाही, आधीपासून पिवळी पडून सांगते.

अदमास स्वतःही काढता येतो. ३००० एमएएचच्या १८६५० सेलमध्ये साधारण ११ वॅट-तास असतात. शंभर लुमेनला एक वॅट. थोडी तूट धरली तर आठ-नऊ तास. तीच बॅटरी हजारवर लावली तर तास तरी भरेल का शंका.

## खरा प्रश्न सेलचा

माझं मत विचाराल तर लुमेनपेक्षा सेल आधी ठरवावा. घरातल्या बॅटऱ्या सहसा दिवा जाऊन मरत नाहीत, सेलने मरतात.

बाजारात सगळ्यात जास्त दिसते ती मागून दोन पिना बाहेर काढून थेट भिंतीच्या बोर्डात खुपसायची बॅटरी. स्वस्त असते, सोयीची वाटते. अशा बऱ्याचशा बॅटऱ्यांत लेड-ॲसिडचा छोटा डबा असतो, स्कूटरच्या बॅटरीचं धाकटं भावंड. हा प्रकार उतरलेल्या अवस्थेत पडून राहिला की आतून खराब होतो. पावसाळ्यात वापरली, दिवाळीत कपाटात टाकली, जूनमध्ये काढली की मेलेली. वापरा किंवा नका वापरू, महिन्या-दोन महिन्यांनी तिला चार्ज करावंच लागतं, आणि ते कुणाच्या लक्षात राहत नाही. दुसरी भीती जास्त मोठी आहे. अशा अनेक स्वस्त बॅटऱ्यांच्या चार्जिंगच्या सर्किटात ट्रान्सफॉर्मर नसतो, त्यामुळे बोर्डात असताना आतले भाग थेट घरच्या २३० व्होल्टला जोडलेले असतात. काच फुटलेली किंवा अंग तडकलेलं असेल आणि ती चार्जिंगला लावलेली असेल तर तिला हात लावू नका. लहान मुलांच्या घरात मी ही बॅटरी घेणारच नाही.

पेन्सिल सेलवर चालणाऱ्या बॅटरीची मोठी सोय म्हणजे सेल कोणत्याही टपरीवर मिळतो. नाही मिळाला तर भिंतीवरच्या घड्याळातला काढता येतो. पण दहा-पंधरा रुपयांचा साधा सेल आणि अल्कलाईन सेल यांत फरक आहे. साध्यात वीज जेमतेम तिसरा-चौथा हिस्सा. शिवाय साध्या सेलचं जस्ताचं भांडंच वीज देता देता झिजत जातं, त्याला भोक पडलं की आतलं रसायन बाहेर. अल्कलाईनही विसरला की गळतो. स्प्रिंगवर पांढरा खरपुडा दिसतो तो हाच. लिंबाच्या रसात भिजवलेल्या कापसाने तो निघतो, मग कोरडं पुसायचं. स्प्रिंग खाल्ली गेली नसेल तर बॅटरी परत लागते. मधला मार्ग म्हणजे चार्ज करता येणारे निकेल-मेटल-हायड्राइडचे पेन्सिल सेल: घरचा चार्जर, आणि अडीनडीला टपरीचा सेल आहेच.

तिसरा प्रकार लिथियमचा, म्हणजे १८६५० किंवा तसाच काही. आज पाचशे ते हजार रुपयांत मोबाईलच्या यूएसबी-सी वायरने चार्ज होणारी चांगली बॅटरी मिळते. घेताना एकच अट घाला: मागचं टोपण उघडून सेल बाहेर निघाला पाहिजे. आत कायमचा डांबलेला सेल दोन-तीन वर्षांनी थकला की अख्खी बॅटरी टाकावी लागते. सुटा लिथियम सेल खिशात किल्ल्या-नाण्यांबरोबर ठेवू नका. दोन टोकं धातूने जोडली गेली तर तो तापून पेटू शकतो. विमानाने जाताना सुटे सेल हातातल्या बॅगेत ठेवायचे, सामानात द्यायचे नाहीत.

एक सापळा राहिला. '१४५००' नावाचा लिथियम सेल दिसायला हुबेहूब पेन्सिल सेलसारखा असतो, पण तो ३.७ व्होल्टचा आणि पेन्सिल सेल दीड व्होल्टचा. माहितीपत्रकात चालतो म्हणून लिहिलेलं नसेल तर तो घालू नका, दिवा जळेल.

## मोबाईलची लाईट आहे की!

आहे, आणि जिन्यात तेवढी पुरतेही. पण तिला वाटीच नाही, त्यामुळे सगळा उजेड पसरतो आणि पाच-सहा पावलांपुढे काही उरत नाही. मुसळधार पावसात ओल्या बोटांना स्क्रीन दाद देत नाही. आणि गाडी घाटात बंद पडल्यावर फोन करायलाही तोच मोबाईल लागतो.

## झूमवाली घेऊ का?

पुढचं तोंड सरकवलं की उजेड कमी-जास्त पसरणारी बॅटरी दुकानात फार आकर्षक वाटते. पूर्ण झूम करून भिंतीवर मारा. एक चौकोन उमटेल. ती एलईडीच्या चकतीची प्रतिमा आहे, आणि चौकोनाबाहेर जवळपास काही नाही. बराच उजेड नळीच्या आतल्या अंगावर आपटून वाया जातो. शिवाय तोंड मागे-पुढे करताना ते पंपासारखं हवा ओढतं, आणि पावसात हवेबरोबर पाणीही. गुरं लांबून बघायची असतील तर घ्या. चालायला नको.

## उजेडाचा रंग

स्वस्त एलईडी निळसर पांढरा असतो, साधारण ६५०० केल्विनचा (केल्विन हे उजेडाच्या छटेचं माप, आकडा जितका मोठा तितका उजेड निळसर). निळसर उजेड जास्त प्रखर भासतो म्हणून विकलाही जातो. पण त्यात लाल-तपकिरी छटा मरतात. वस्तूंचे रंग कितपत खरे दिसतात याचं माप सीआरआय, पैकीच्या पैकी १००. स्वस्त एलईडी सत्तरच्या आसपास असतात. हौशीची गोष्ट वाटेल. पण घोणस तपकिरी असते, उसाचं वाळलेलं पाचट तपकिरी असतं आणि मातीही. हे तिन्ही एकाच राखाडी रंगात दिसले तर काय होईल ते सांगायला नको. ४००० ते ५००० केल्विनची आणि ९० च्या आसपास सीआरआय असलेली बॅटरी मिळाली तर शंभर रुपये जास्त द्यावेत असं माझं मत. पायात गमबूट लागतातच, ते बॅटरीने सुटत नाहीत.

## दुकानात हातात घेऊन

पाण्याचा अंक बघा. आयपीएक्स४ म्हणजे चहूबाजूंनी उडणारं पाणी चालेल. आयपीएक्स७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. आपल्या पावसाला चार पुरतो, विहिरीवर-ओढ्याला जाणाऱ्याने सात घ्यावा. टोपण उघडलं की आट्यांजवळ काळी रबरी कडी दिसली पाहिजे. ती नसेल तर अंक नुसताच छापलेला.

मग बटण दाबून मोड मोजा. मंद, मध्यम, प्रखर, बस. अनेक स्वस्त बॅटऱ्यांत प्रत्येक वेळी लखलखाट आणि एसओएस (मदत मागायची लुकलुक) ओलांडून मंदवर यावं लागतं. रात्री झोपलेल्या घरात हे करून बघा म्हणजे कळेल. मंद उजेड लावून मोबाईलच्या कॅमेऱ्यातून बघा. पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसले तर दिवा वेगाने उघडझाप करतोय, आणि काहींचे डोळे त्याने दुखतात. शेवटी मागचं टोपण पाव वळसा सैल करून बटण दाबा. लागत नसेल तर उत्तम: पिशवीत टाकताना एवढं सैल केलं की आपोआप लागून तापायची धास्ती नाही.

नानांसाठी मी ६५० रुपयांची एक घेतली. १८६५० सेलची, तीन मोडची, सेल निघणारी, पसरट उजेडाची. पहिल्या रात्री त्यांनी मुद्दाम डीपीकडे मारून पाहिली आणि म्हणाले, "हिचा उजेड तिथवर न्हाय पोचत."

"नाना, तुम्हाला डीपीवर काय बघायचंय?"

"फ्यूज गेला का न्हाय ते."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आता लाख लुमेनवाली दाराच्या खिळ्याला टांगलेली असते, नवा सेल घालून, खास डीपीसाठी. नवी बंडीच्या खिशात असते.